तांबड्या भुंगेऱ्यास अनावृत पत्र

श्रीमान ट्रायबोलियम कॅस्टेनियम यांच्या सेवेशी,
हल्ली मुक्काम : पिठाचा डबा, सांगली
दुसरा पत्ता : बाजरीची कणगी, तालुका माण, जिल्हा सातारा

स. न. वि. वि.

पत्राच्या माथ्यावर आपलं संपूर्ण नाव पाहून आपल्याला नवल वाटलं असेल. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत आपल्याला नावाने कोणी हाक मारत नाही. पीठ चाळताना आपण दिसलात की "किडे झाले गं बाई" एवढंच म्हणायची रीत. तांदळातला सोंडा, कडधान्यातला भुंगा, रव्यात जाळी करणारी अळी आणि आपण, सगळ्यांची बोळवण एकाच शब्दात. आपल्यासारख्या खानदानी असामीची अशी सरमिसळ व्हावी, हे मला बघवत नाही. माझं माहेर साताऱ्याकडचं, सासर सांगलीचं आणि दोन्ही घरी आपलं येणंजाणं जुनं. तेव्हा आपला यथोचित परिचय चारचौघांत करून देण्याचा मान मी आपणहून घेते आहे. लोभ असावा.

आधी कुळाबद्दल. आपण टेनेब्रिओनिडी कुळातले, अंधारात रमणाऱ्या भुंगेऱ्यांच्या घराण्यातले. या कुळाची मांडणी १८०२ साली पियेर लात्रेय या फ्रेंच शास्त्रज्ञाने केली. राज्यक्रांतीच्या धामधुमीत तुरुंगात पडलेल्या या पाद्र्याचा जीव कोठडीत सापडलेल्या एका भुंगेऱ्यामुळे वाचला होता. तो भुंगेरा वेगळ्या कुळातला; उपकार करण्याची पद्धत आपल्या शाखेत नाही. आज आपल्या घराण्यात २० हजारांच्या आसपास जाती मोजल्या जातात. माणच्या माळावर दगड उलटला की खाली धुळीने माखलेले, सावकाश चालणारे काळे भुंगेरे दिसतात, त्यांतले कित्येक आपले भाऊबंद. ते बिचारे वाळका पालापाचोळा खातात आणि त्याची माती करतात. आमच्या घरात येऊन डब्याचं झाकण ओलांडण्याची महत्त्वाकांक्षा त्यांना नाही. घराण्याचं नाव आपण काढलंत, त्याबद्दल अभिनंदन.

आपलं रूप नीट पाहावं म्हणून आपल्याला पांढऱ्या बशीत घेतलं आणि भिंग लावलं. लांबी तीन-चार मिलिमीटर, रंग तांबूस तपकिरी, अंग चपटं आणि गुळगुळीत, पाठीवरच्या कवचावर एकमेकींना समांतर बारीक रेघा. पुढच्या दोन जोड्यांच्या पावलांना पाच-पाच पेरं, मागच्या जोडीला चार. पाच, पाच, चार ही आपल्या कुळाची ठरलेली खूण. डोळा गोल नाही. डोक्याची कड पुढून आत घुसल्यामुळे तो कोरेगावच्या घेवड्याच्या दाण्यासारखा मधे दबलेला. मिशांना अकरा पेरं, त्यांतली शेवटची तीन एकदम जाड. आणि सोंड नाही. या शेवटच्या गोष्टीवर मी पुढे येणार आहे, कारण आमच्या सगळ्या तक्रारी त्या न असलेल्या सोंडेशी येऊन थांबतात.

आपलं बारसं एकदा करून भागलं नाही, हेही आपल्या थोरवीला साजेसंच. १७९७ साली बर्लिनचे धर्मोपदेशक योहान हर्ब्स्ट यांनी आपल्याला कोलिडियम कॅस्टेनियम म्हटलं. रंग त्यांनी बरोबर हेरला, घर मात्र चुकवलं. कोलिडियमची मंडळी आज वेगळ्याच कुळात मोडतात. मग १८२५ साली लंडनच्या विल्यम शार्प मॅक्ले यांनी जावा बेटावरून आलेल्या कीटकांचा ग्रंथ लिहिताना आपल्यासाठी ट्रायबोलियम हा स्वतंत्र वंश मांडला. त्या वर्षी साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराज होते आणि सांगलीत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन. दोन्हीकडच्या कोठारांत आपण तेव्हाही हजर असणार. दप्तरात आपल्या नावाची नोंद करण्याची तसदी घेणारा कोणी भेटला नाही, इतकंच.

मॅक्ले साहेबांची पक्की श्रद्धा होती की, निसर्गातला प्रत्येक गट पाच-पाचांच्या वर्तुळांत बसवता येतो. ती श्रद्धा त्यांच्या हयातीतच मोडीत निघाली. आपल्याला दिलेलं नाव मात्र दोनशे वर्षं टिकलं. मधल्या काळात आपण फेरुजिनियम या दुसऱ्याच नावानेही वावरलात. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातली कित्येक पुस्तकं उघडली, तर त्यांत आपण त्याच नावाने भेटता. ज्याने आधी रीतसर वर्णन केलं त्याचं नाव राखायचं, हा प्राणिशास्त्राचा नियम. पण ते जुनं वर्णन नेमकं कोणत्या भुंगेऱ्याचं, हे ठरवण्यात माणसांच्या पिढ्या गेल्या. तेवढ्या काळात आपण निवांत जेवत होता.

आपल्या भावाने तर कमाल केली. तो आपल्यासारखाच तांबूस, आपल्याएवढाच, पिठातच राहणारा. १८६० च्या दशकात जाकलँ द्यु व्हाल या फ्रेंच अभ्यासकाने त्याला वेगळं काढलं आणि लोक सतत गोंधळतात म्हणून नावच कन्फ्यूजम ठेवलं. त्याच्या मिशा टोकाकडे हळूहळू जाड होतात, आपल्या एकदम. उताणं करून पाहिलं तर आपले दोन डोळे जवळ-जवळ येतात, त्याचे लांब राहतात. तो उडत नाही, आपण उडता. त्याला थंड मुलूख मानवतो, आपल्याला आमचा चैत्र-वैशाख. एवढा फरक ओळखण्यासाठी शास्त्रज्ञांनी भिंगाखाली डोळे शिणवले. आम्ही चाळण उचलतो, अंगणात झटकतो आणि मोकळे होतो. कोणाचं जास्त फावलं असेल, हे आपणच सांगावं.

१९४८ साली हॉवर्ड हिंटन यांनी आपल्या वंशाचा सविस्तर आढावा घेतला आणि जातींचे गट पाडले. आपल्या गटाचं मूळ त्यांनी भारत-ऑस्ट्रेलियाच्या पट्ट्यात दाखवलं, भावाच्या गटाचं आफ्रिकेत. म्हणजे आपण परके नाही, आमच्याच बाजूचे. माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, त्याआधी आपले पूर्वज झाडांच्या सालीखाली, कुजक्या लाकडात राहत. इजिप्तमधल्या सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात, मृताच्या प्रवासासाठी ठेवलेल्या भांड्यात आपले बंधू सापडले आहेत. मेलेल्याची शिदोरीही आपण सोडली नाहीत. जिवंतांच्या शिदोरीबद्दल मग काय बोलावं!

दुष्काळातलं आपलं धैर्य मात्र मी खरोखर हात जोडून मान्य करते. माझ्या माहेरच्या माण-खटावात, सांगलीच्या जत-आटपाडीत माणसं टँकरची वाट पाहत वाढली. टेंभू आणि म्हैसाळचं पाणी कालव्यातून कधी येईल, यावर लग्नाच्या तारखा ठरलेल्या मी पाहिल्या आहेत. आपण मात्र कोरड्याठाक पिठात जन्मता, त्यातच संसार करता आणि थेंबभर पाणी पीत नाही. आपल्या आतड्याच्या शेवटच्या भागाला मूत्रनलिका अशा बिलगलेल्या आहेत की, विष्ठेतला ओलावासुद्धा पुन्हा शरीरात खेचला जातो. ज्या मुलखात पाण्यासाठी बायांच्या डोक्यावरचे केस झडले, तिथे आपण एक घडाही न उचलता सुखात आहात. आपल्यापुढे कोणतीही पाणीयोजना फिकी पडेल. आणि एवढं करून आपण खाता काय, तर त्याच बायांनी उन्हात कापलेली बाजरी.

आता सोंडेकडे येते. तांदळातल्या आणि ज्वारीतल्या सोंड्याला पुढे लांब नळीसारखं तोंड असतं. त्याची मादी धड दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या पोटात वाढते, बाहेरून काही दिसत नाही. आपल्याकडे हे हत्यार नाही. धड, सुक्या, टणक दाण्यापुढे आपण जवळजवळ लाचार आहात. आपल्याला हवी कणी, चुरी, पीठ, रवा, फुटका दाणा, दुसऱ्या किड्याने आधीच पोखरून ठेवलेलं धान्य. आपण मागाहून येणारे पाहुणे. माळदांडी ज्वारीच्या पोत्यात आपण दिसलात, तर त्याचा सरळ अर्थ असा की, त्या पोत्यात आधी काहीतरी बिघडलेलं आहे. मळणी यंत्राचा वेग जास्त ठेवल्याने दाणा फुटला असेल, पोतं ओलं राहिलं असेल, नाही तर सोंड्याने आत घर केलं असेल.

म्हणजे आपण गुन्हेगार तर आहातच, शिवाय आपल्या आधी येऊन गेलेल्यांचे साक्षीदारही आहात. ही साक्ष आम्ही आजवर एकदाही नोंदवून घेतली नाही. किडा दिसला की औषध, एवढंच आम्हाला ठाऊक. आत सोंडा असेल तर चाळून उपयोग नाही, कारण तो दाण्यात आहे. तिथे कडक ऊन किंवा हवाबंद कोठी हवी. आपण असाल तर आधी कणी आणि चुरी पाखडून काढायला हवी, कारण तीच आपली भाकरी. माझ्या सासूबाई सुपात ज्वारी घेऊन एकेका झटक्यात धड दाणा मागे आणि कणी पुढे काढायच्या, कणी कोंबड्यांना जायची. त्यांना आपलं लॅटिन नाव माहीत नव्हतं, पण आपली भूक पुरती ओळखीची होती. सूप गेलं, आणि ती ओळखही गेली. आपल्या वतीने मी त्या सुपाला श्रद्धांजली वाहते.

आपल्या कृपेने मला एक वाद जिंकता आला, तेही इथे कृतज्ञतापूर्वक नमूद करते. एका दुकानातून रव्याचा बंद पुडा आणला. दुसऱ्या दिवशी फोडला, तर आत आपण सहकुटुंब. पिवळसर सडपातळ अळ्या, त्यांनी टाकलेल्या कातींचा भुगा आणि पूर्ण वाढलेली थोर मंडळी. परत न्यायला गेले, तर दुकानदार म्हणाले, "ताई, तुमच्या घरात लागलेत." मी शांतपणे सांगितलं की, आमच्याकडच्या उन्हाळ्यातसुद्धा अंड्यापासून पूर्ण भुंगेरा व्हायला महिनाभराचा काळ लागतो, आणि पुडा आणलाय काल. एका रात्रीत यांचं लग्न, बाळंतपण आणि मुलांची मुंज माझ्या घरी कशी उरकली, ते समजावून सांगा. त्यांनी पैसे परत केले. आपल्याला म्हणे पिशवी कुरतडून भोक पाडणं फारसं जमत नाही, पण शिवणीतली किंवा चिकटवलेल्या कडेची बारीक फट पुरते. त्या फटीला जबाबदार कोण, हा प्रश्न मी विचारत राहिले आणि दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

आपल्या मादीच्या औदार्याबद्दल काय लिहावं! एकेक मादी ३०० ते ४०० अंडी घालते. अंडी इतकी बारीक आणि चिकट की, पिठाचे कण त्यांना बिलगतात आणि डोळ्यांना ती पिठासारखीच दिसतात. पूर्ण वाढलेले आपण वर्षभर सहज जगता, कधी त्याहून कितीतरी जास्त. गर्दी वाढली की आपण आपलीच अंडी आणि कोष खाता, हेही अभ्यासकांनी नोंदवून ठेवलं आहे. कुटुंबनियोजनाची अशी पद्धत दुसऱ्या कोणाला सुचली नसती.

याच गुणांवर शिकागोचे थॉमस पार्क यांनी कारकीर्द घडवली. १९४० आणि ५० च्या दशकांत त्यांनी आपल्याला आणि आपल्या भावाला पिठाच्या छोट्या बाटल्यांत एकत्र कोंडलं. उबदार, दमट हवेत बहुधा आपण उरलात. थंड, कोरड्या हवेत तो. आणि पिठात एक सूक्ष्म परजीवी असला की, पारडं बहुतेक वेळा त्याच्याकडे झुकलं. दोन जाती एकाच अन्नावर जगताना काय होतं, हे जगातल्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आपल्यावरून शिकवतात. २००८ साली आपला संपूर्ण जीनोम वाचून झाला. भुंगेऱ्यांमध्ये हा मान सर्वांत आधी आपल्याला मिळाला. कोणत्या जनुकाने आपली मिशी घडते आणि कोणत्याने पाऊल, हे परदेशातल्या प्रयोगशाळांना ठाऊक आहे. आमच्या बाजार समितीच्या आवारात मात्र आपल्याला "तांबडा किडा" यापलीकडे पदवी नाही. हा आपला अपमान म्हणावा की आमचा, याचा निवाडा मी आपल्यावर सोडत नाही. तो आमचाच आहे.

पिठाला आपण जो सुगंध देता, त्याचे आभार राहिलेच. आपल्या अंगातल्या ग्रंथींतून क्विनोन नावाची द्रव्यं पाझरतात. १९४३ साली रसायनशास्त्रज्ञांनी ती वेगळी करून दाखवली. शत्रूला आणि बुरशीला दूर ठेवण्यासाठी आपण ती बाळगता. पीठ त्याने तांबूस-करडं पडतं, उग्र वास धरतं, भाकरी थापताना चिरते आणि चव कडवट लागते. कितीतरी घरांत असं पीठ चाळून, किडे काढून, पोरांच्या ताटात वाढलं जातं, कारण टाकून द्यायची ऐपत नसते. किडे निघतात, ती द्रव्यं पिठातच राहतात. ज्या घरात महिन्याचं धान्य मोजून येतं, तिथे आपण किलोभर पीठ नासवता म्हणजे काय करता, याचा हिशोब आपल्याला कोणी दाखवला नसेल म्हणून इथे मांडला.

आता ज्या गोष्टीसाठी आपले आभार मानताना माझा हात थरथरतो, तिच्याकडे येते. आपल्या धास्तीने आमच्या घराघरांत गोळ्या आल्या. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या त्या गोळ्या हवेतला ओलावा लागला की फॉस्फीन वायू सोडतात. बंदिस्त गोदामात, ताडपत्री चारी बाजूंनी दाबून, प्रशिक्षित माणसाने ठरलेले दिवस दिलेली धुरी वेगळी. पण गावाकडे त्याच गोळ्या चिंधीत बांधून ज्वारीच्या कणगीत टाकतात आणि ती कणगी असते माणसं झोपतात त्या खोलीत. या विषावर उतारा नाही. तरीही ती गोळी हळदीकुंकवाच्या पुडीसारखी हातोहात फिरते.

आणि आपण? ताडपत्रीत फट राहिली, गोळ्या कमी पडल्या, दिवस भरायच्या आत गोदाम उघडलं, की आपल्यातले दुबळे मरतात आणि चिवट उरतात. उरलेल्यांची पोरं त्याहून चिवट. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९७२-७३ मध्ये जगभर पाहणी केली, तेव्हाच औषधांना दाद न देणारी आपली प्रजा निरनिराळ्या देशांत सापडली होती. भारतातल्या गोदामांतही ती आज आहे. आमच्या निष्काळजीपणावर आपण पन्नास वर्षं तालीम केलीत. आपल्या चिकाटीला नमस्कार, आणि अर्धवट धुरी देऊन बिल पुरं लावणाऱ्यांनाही.

खरं सांगायचं, तर आपल्याला बिनविषारी रीतीने रोखण्याचा उपाय माझ्या सासरपासून हाकेच्या अंतरावर होता. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हरिपूर आपल्याला चांगलंच आठवत असेल. तिथल्या मातीत हळदीसाठी पेवं खणली जायची. तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट रुंद, तळाशी आणि कडेने पाचटाचं अस्तर. वाळवलेली हळकुंडं आत भरून तोंड मातीने लिंपून टाकायचं. आत जी काही हवा उरायची, ती हळद आणि तिच्याबरोबर गेलेले जीव वापरून टाकायचे. प्राणवायू संपला की आपल्या मंडळींचाही कारभार संपायचा. पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नसे. तोंड बराच वेळ मोकळं ठेवून आतली कोंदट हवा जाऊ देत, कारण तिथे माणूसही गुदमरला असता. ना गोळी, ना धूर, ना बिल. हळदीचा रंग टिकायचा, भाव आला की पेव फोडायचं.

आपण हळदीचेही शौकीन, हे मला माहीत आहे. सिगारेट भुंगेरा हळकुंडात भोकं पाडतो आणि मागोमाग आपण त्या भुग्यावर येता. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, कसबे डिग्रजच्या हळद संशोधन योजनेत नवे वाण निघाले, जगभर आमच्या हळदीचं नाव झालं. आणि त्याच काळात पेवं बुजत गेली. २००५ च्या महापुराने हरिपूरच्या पेवांत पाणी भरलं, हळद नासली, माती खचली. त्यानंतर व्यापारी पक्क्या गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळले, ते समजण्यासारखं आहे. पुराची भीती खरी आहे. पण हवा कोंडून आपल्याला संपवण्याची अक्कल नदीकाठच्या मातीला बांधलेली नव्हती. ती पुराच्या रेषेच्या वर नेता आली असती, घराघरांतल्या कोठीत उतरवता आली असती. आज हवाबंद पिशव्या परदेशी शोध म्हणून विकायला येतात, तेव्हा हरिपूरची जुनी माणसं त्यांच्याकडे पाहून गप्प राहतात. मला गप्प राहवत नाही. जगात जे आता शिकवलं जातं, ते आमच्या उंबऱ्यावर होतं. ते आम्ही पुसलं आणि त्या जागी विषाची गोळी आणली. आपला एवढा मोठा फायदा आपल्या शत्रूंनीच करून दिल्याचं उदाहरण आपल्या वंशाच्या इतिहासातही विरळाच असेल.

महोदय, साताऱ्याच्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश उभा केला. १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला. जगातली प्रत्येक गोष्ट मराठीत नावानिशी, नीट वर्गवारीने मांडता येते, हे ज्या मातीत सिद्ध झालं, तिथल्या रेशनच्या पोत्यातला किडा बिननावाचा राहावा, हे मला सहन होत नाही. मला लॅटिनचा सोस नाही. तांबडा भुंगेरा म्हणा, पिठातला भुंगेरा म्हणा, पण सोंड्यापासून आणि खापरा भुंगेऱ्यापासून वेगळा ओळखा. शाळेतल्या मुलांना एक भिंग आणि पांढरी बशी द्या. मिशीची तीन पेरं मोजता येणारं पोर घरी जाऊन आईला सांगेल की, यावर गोळी नको, चुरी काढून टाक आणि डबा धुऊन उन्हात ठेव. माझी एवढीच मागणी आहे आणि ती आपल्यामार्फत मी आमच्याच लोकांपुढे ठेवते आहे, कारण आपण सगळ्यांच्या घरी पोचलेले आहात.

आपल्या आदरसत्काराची माझ्या घरी जी व्यवस्था केली आहे, ती आगाऊ कळवते. पीठ आता पंधरवड्यापुरतंच दळलं जाईल. नवं पीठ जुन्यावर ओतलं जाणार नाही. डबा आधी रिकामा होईल, कोपरे खरवडून पुसले जातील, मग भरला जाईल. रवा आणि बेसन आणल्या दिवशी बर्फाच्या कप्प्यात जाईल आणि काही दिवस तिथेच राहील. त्या थंडीत आपल्या अंड्यांनाही वाली नाही. वर्षाची ज्वारी वैशाखात गच्चीवर पातळ पसरून काळ्या कागदाखाली तापेल. ५० अंशांच्या पुढच्या उष्णतेत काही तास काढणं आपल्या अंगावर येतं, अशी माझी माहिती आहे. त्यानंतर ती घट्ट झाकणाच्या कोठीत काठोकाठ भरली जाईल, म्हणजे आत आपल्यासाठी हवेची खोली उरणार नाही. पाहुणचारात काही कमी वाटल्यास क्षमस्व.

कळावे, लोभ आटोपता घ्यावा ही विनंती.

आपली,
दोन जिल्ह्यांचं पीठ मळलेली एक गृहिणी

ता. क. : उद्या सकाळी बाजरी दळायला गिरणीत जाते आहे. आदल्या दिवसाचं पीठ जात्याच्या कडेला आणि पन्हाळीत साचतं, तिथून आपण एका घरचे दुसऱ्या घरी जाता, हे मी गिरणवाल्या काकांना सांगितलं. त्यांनी रोज संध्याकाळी ब्रशने सगळं झाडून घ्यायचं कबूल केलं आहे, आणि आमच्या गल्लीतल्या बायका पाळीपाळीने ते बघायला जाणार आहेत. आपला मुक्काम पन्हाळीत असेल तर सहाच्या आत हलवावा. गिरण सातला सुरू होते.